पाहुण्याला नाव विचारलं

आमच्या 'भाकरतुकडा'वर नोंदणी सक्तीची करा म्हणून सगळ्यात मोठ्यानं गळा काढणारी मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की सुलक्षणा मगदूमनं सोयीचं तेवढंच सांगितलं.

'भाकरतुकडा' म्हणजे इंटरनेटवरचा आमचा स्वयंपाकाचा कट्टा. सांगलीत माझ्या जेवणाच्या टेबलावरून मी तो चालवते. कुणीही यावं, वाचावं, वाटलं तर नाव नोंदवून चार शब्द लिहावेत, नाही वाटलं तर तसंच निघून जावं. नाव न नोंदवता नुसतं वाचणाऱ्यांना आम्ही पाहुणे म्हणतो. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात आकडा दिसतो, सदस्य इतके, पाहुणे इतके. पाहुणे कायम जास्त. आणि पाहुण्याला नाव विचारायचं नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

नियमाला कारण होतं. 'उरलेल्या भाकरीचा कुस्करा' असं एक पान आहे. आता कुस्कऱ्याला पाककृती कशाला लागते, सांगा बघू! भाकरी कुस्करायची, फोडणी द्यायची, संपलं. म्हणूनच त्या पानाकडे कुणी ढुंकून बघत नाही. तिथेच खाली कधीतरी एकीनं लिहिलं की भाकरी कडक झाली म्हणून नवऱ्यानं ताट फेकून मारलं. तिच्याखाली दुसरीनं लिहिलं, मग तिसरीनं. पान वाढत गेलं. घर सोडायचं तर जायचं कुठं, पोलिसांपुढे काय बोलायचं, पोरांच्या शाळेचं काय, सगळं त्या पानाखाली. कुणी फोन हिसकावून बघितलाच तर वर कुस्कऱ्याचा फोटो. बायकांचं डोकं कसं चालतं बघा.

मग ती माणसाचं सोंग घेणारी मेली यंत्रं आली. आधी नुसती वाचायला, मग लिहायला. "ताई, मीसुद्धा यातून गेलेय गं" असं गोड गोड लिहायची. खऱ्या बाया त्यांच्या गळ्यात पडायच्या. एकीला असाच आसऱ्याचा पत्ता मिळाला. पोरीला घेऊन ती मिरजेला उतरली, तर त्या पत्त्यावर टायरचं दुकान. दिवसभर स्टँडवर बसून संध्याकाळी मुकाट परत गेली. परत गेल्यावर घरात काय झालं ते तिनं लिहिलं, आणि ते वाचून मी ओट्याला धरून रडले. त्या दिवसापासून माझा धोशा सुरू झाला की माणूस असल्याचं सिद्ध केल्याशिवाय कुणाला आत घेऊ नका. माझ्यासारखे देशभर ओरडत होते. शेवटी कायदा झाला. नोंदणी केल्याशिवाय कुठल्याही कट्ट्यावर कुणाला एक ओळही वाचता येणार नाही. मी पेढे वाटले.

नोंदणी व्हायची ती वाचनठशानं. हे काय नवीन खूळ, म्हणून मी गौतमीला विचारलं. गौतमी उपळेकर पुण्याहून आमच्या कट्ट्याची तांत्रिक बाजू बघते. पोरगी हुशार, पण बोलताना सतत काहीतरी खात असते.

"काकू, आपल्याला वाटतं डोळा ओळीवरून सरळ सरकतो," ती शेंगदाणे चावत म्हणाली. "तसं नसतं. तो उड्या मारतो. दोन उड्यांच्या मध्ये क्षणभर टेकतो, कधी मागे येतो, पुन्हा पुढे जातो. कुठे टेकतो, किती वेळ टेकतो, कुठून मागे फिरतो, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. फोनचा कॅमेरा ते टिपतो, त्यात बोटानं पान सरकवण्याची लय मिसळतो. झाला ठसा तयार."

"आणि यंत्रानं नक्कल केली तर?"

"एखाद्या पानाची करेल. पण यंत्र वाचतच नाही हो, अख्खं पान एका घोटात गिळतं. रोज नव्या मजकुरावर माणसासारखं अडखळायचं, ते त्याला जमत नाही."

पुढे तिनं जे सांगितलं ते मला फार आवडलं होतं. ही लय म्हणे जन्मानं मिळत नाही. ज्यानं आपल्याला वाचायला शिकवलं त्याच्याकडून ती आपल्यात उतरते, अगदी हाताच्या चवीसारखी. दोन ठसे शेजारी ठेवले तर ते एकाच वळणाचे आहेत का, हे यंत्राला बरोबर कळतं. फक्त मधे एक पिढी गेली की दोन, ते अजून नीट सांगता येत नाही.

माझंच घ्या. मला वडिलांनी शिकवलं. ओळ संपली की तिच्या पहिल्या शब्दाला पुन्हा बोट लावायचं आणि मगच खाली उतरायचं, अशी त्यांची शिस्त. आता बोट गेलं, पण डोळा अजून तेच करतो. मी एकुलती एक, त्यामुळे वडिलांचं ते वळण माझ्यात आलं आणि माझ्याकडून माझ्या लेकीत गेलं. त्रिशला माझी एकुलती एक. मी आयुष्यात तिच्याशिवाय कुणालाही वाचायला शिकवलेलं नाही.

कायद्यातलं घरखात्याचं कलम मात्र मी वाचलंच नव्हतं. पेढे वाटायच्या घाईत कुठलं वाचणार! प्रत्येक घराचं एक खातं, त्याचा एक कर्ता. घरातल्या कुणीही कुठे नोंदणी केली की कर्त्याच्या फोनवर निरोप जाणार. पोरंबाळं भलत्या ठिकाणी जाऊ नयेत म्हणून ही सोय. गौतमीनं सांगितलं तेव्हा कुठे मला कळलं.

"अगं, मग कुस्कऱ्याच्या पानावरच्या बायकांचं काय? नोंदणी केली की नवऱ्याला निरोप जाणार!"

"हो ना."

"ते एक पान उघडं ठेवूया."

"एक पान उघडं सापडलं तर अख्खा कट्टा बंद करतील, काकू. सोमवारपासून आहे. आता कुणाच्या हातात नाही."

त्या आठवड्यात मला बसवेना की उठवेना. आमटीत दोनदा मीठ पडलं. चाचणी म्हणून यंत्रणा पाहुण्यांचे ठसे मोजत होती, नाव न जोडता, आणि कोण माणूस, कोण यंत्र, नजर पानावर कुठे फिरतेय, एवढंच मला दाखवत होती. पानाच्या वर तशी सूचना होती, पण सूचना कोण वाचतं? मी सारखी कुस्कऱ्याचं पान उघडून बसायची. बहुतेक यंत्रंच. माणसं मोजकीच, कधी येणारी, कधी न येणारी. रोज दुपारी, घरातले पुरुष जेवून कलंडतात त्या वेळी, एक पाहुणी यायची. सावकाश वाचायची, एकाच जागी येऊन थांबायची. तिथे एका बाईनं लिहिलेलं आहे की साठी जवळ आल्यावर मी घर सोडलं, लोक म्हणाले आता काय उरलंय, मी म्हटलं जे उरलंय ते माझं आहे. तेवढं वाचून झालं की पाहुणी पुन्हा वर जायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

शुक्रवारी माझी स्वतःची नोंदणी झाली, आणि यंत्रणेनं लगेच तिच्या ठशाखाली एक ओळ दाखवली. जवळचा ठसा, सुलक्षणा मगदूम. वाचनाचं वळण एकच.

मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. मग ह्यांना हाक मारली.

"अहो! अहो, इकडे या आधी!"

सुकुमार, म्हणजे आमचे हे, चष्मा पुसत आले. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी वाचलं, आणि स्वभावाप्रमाणे पहिल्यांदा शंकाच काढली.

"यंत्र चुकत असेल की."

"ओळ संपली की पहिल्या शब्दाला परत जातंय! बघा तुम्हीच! माझ्या पोरीशिवाय कोण असं वाचतं जगात?"

"मग फोन कर."

"फोन करून काय विचारू? तुला मारतात का गं, असं? तिथं फोन कायम स्पीकरवर असतो."

त्रिशलाला कुरुंदवाडला चौगुल्यांकडे दिलीय. घर मोठं, मानाचं. सासरे दादासाहेब म्हणजे गावच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत. आवाज कधी चढायचा नाही. जावई अभिनंदन खताचं दुकान बघतात, बोलणं कमी. आणि विहीणबाई म्हणजे आमच्या मते एक नंबरच्या आखडू. अथणीकडच्या, कानडी मुलखातल्या. कधी कुठल्या कार्याला येणार नाहीत, आल्या तरी बसणार नाहीत, भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत पोलकं. मी हसायची, म्हणायची ह्यांना बारा महिने थंडी वाजते. माझा सगळा राग त्या बाईवर गेला. सून सळसळती असली की असल्या घुम्या सासवांना बघवत नाही, असं मी ह्यांना ठणकावून सांगितलं.

तरी फोन केलाच.

"काय गं, बरी आहेस ना?"

"मी बरीच आहे की. का गं?"

"काही नाही. आवाज ऐकावासा वाटला."

मग एकदम म्हणाली, "आई, तुमचा कट्टा सोमवारपासून नुसता वाचायलापण मिळणार नाही म्हणे? खरंय का ते?"

मी विचारलं, "तुला गं काय करायचंय त्याचं?"

"अशीच. ठेवते, दूध उतू चाललंय."

दूध! संध्याकाळी पाचला कसलं दूध उतू जातं? मला सांगायला ह्या पोरीला तोंड नाही, आणि जिथे बिनबोभाट वाचत होती ते दार मी स्वतः पेढे वाटून बंद करत होते. नोंदणी केली तर सासऱ्याला निरोप, नाही केली तर तेही सुटलं. विचार करून माझं डोकं भणभणलं. ह्यांनी शहाणपणाचं सांगितलं होतं, की आधी तिला काहीतरी निमित्त काढून इकडे बोलव, एकटीला बस, मग विचार. ऐकलं असतं तर मी कसली सुलक्षणा! शनिवारी सकाळी मी रिक्षा बोलावली आणि निघाले.

ती आपोआप चालणारी रिक्षा. जयसिंगपूरच्या पुढे एक उसाचा ट्रॅक्टर पुढे आला, तर ही बया त्याच्या मागे गोगलगाईसारखी. "अगं घाल की पुढे!" मी ओरडले. "सुरक्षित अंतर राखले आहे," ती म्हणाली. मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्यात लेकीच्या घरी असं न कळवता जात नाहीत. व्याह्यांना आधी विचारायचं, येऊ का, केव्हा येऊ, मग चार वस्तू घेऊन जायचं. मी रिकाम्या हातानं तशीच आत शिरले. दादासाहेब सोप्यात झोपाळ्यावर बसले होते. त्रिशला शेंगा निवडत होती, मला बघून दचकलीच.

"या, विहीणबाई! असं अचानक?" दादासाहेब हसून म्हणाले. मग आत बघून, "अगं, पाणी आण."

"पाणी नको मला," मी म्हणाले. मी घाबरले की माझं तोंड जास्तच सुटतं. "मला एवढंच सांगा, ह्या घरात माझ्या पोरीच्या अंगाला हात कोण लावतं?"

"आई!" त्रिशला उठली.

"तू गप्प बस. तुझ्यानं बोलवत नाही म्हणून मी आलेय."

दादासाहेबांनी झोपाळा पायानं थांबवला. चेहऱ्यावरचं हसू तसंच. "विहीणबाई, बसा तरी. तुमच्या कानात भलतंच काही कुणी भरवलंय."

"भरवायला कशाला पाहिजे कुणी? आमच्या कट्ट्यावर मार खाणाऱ्या बायकांचं एक पान आहे. रोज दुपारी ह्या घरातून कुणीतरी ते वाचतंय. कसं घर सोडायचं, कुठं जायचं ते वाचतंय. ठसा आहे माझ्याकडे, माझ्याच वळणाचा! मी शिकवल्याशिवाय तसं कुणाला वाचता येत नाही. आणि मी शिकवलंय ते फक्त हिला!"

बोलले आणि मला वाटलं, जिंकले. मग त्रिशलाकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, काय करून बसलीस गं हे!" ती म्हणाली.

आणि दादासाहेब तिच्याकडे बघतच नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तिथे विहीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. पाणी थोडं त्यांच्या पायावर सांडलं होतं, आणि त्या दादासाहेबांकडे अशा बघत होत्या, की तसं मी कुणाच्या बायकोला नवऱ्याकडे बघताना आजवर बघितलेलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्रिशलाला मी शिकवलं. मग त्रिशलानं कुणाला शिकवलं? साठी जवळ आलेल्या बाईच्या ओळींवर ती पाहुणी का थांबत होती? मनगटापर्यंतचं पोलकं कशासाठी होतं? धरणीनं मला पोटात घ्यावं असं मला वाटलं. तो कायदा सोमवारी जे करणार होता ते मी शनिवारीच करून बसले होते. भर सोप्यात, कर्त्याच्या तोंडावर, पाहुणीचं नाव सांगून मोकळी झाले होते.

अजून सावरता आलं असतं. मी तोंड उघडलंही, की चुकलं माझं, यंत्र बिघडलं असेल. पण विहीणबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"मी वाचते," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा आवाज इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता.

"तू?" दादासाहेबांना खरंच कळेना. "तुला कुठं मराठी वाचता येतं?"

"येतं. सुनेनं शिकवलं. तुम्ही झोपल्यावर, दुपारचं."

"आणि मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर शिकू दिलं असतं काय?"

दादासाहेब झोपाळ्यावरून उठले. हसू गेलं होतं. आवाज मात्र तस्साच, मऊ. "पाहुण्यांच्या समोर तमाशा नको. आत चल. आत बोलू." 'आत' हा शब्द ऐकून त्रिशला त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. माझी पोर तिथून हलली नाही. मग मीही तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण आता मागे सरले असते तर पुन्हा कट्ट्यावर तोंड दाखवायची माझी लायकी राहिली नसती.

"विहीणबाई, माझ्या घरी चला," मी म्हणाले.

"लोक काय म्हणतील?" दादासाहेब म्हणाले. "व्याह्याच्या घरी जाऊन राहायचं?"

विहीणबाईंनी त्यांना उत्तर दिलं नाही. त्या मला म्हणाल्या, "चपला मागच्या दाराला आहेत. आणते. तुम्ही थांबा हं, जाऊ नका."

"मी कुठं जातेय!" मी म्हणाले.

रिक्षात आम्ही तिघी दाटीवाटीनं बसलो. त्रिशलानं अभिनंदनला फोन लावला आणि सगळं सांगितलं. जावई आईला अव्वा म्हणतात. ते म्हणाले, "अव्वाला परत पाठवू नका. मी येतो संध्याकाळी." हे ऐकून विहीणबाई पहिल्यांदा रडल्या. त्रिशला मला म्हणाली, "मी अव्वाला म्हणत होते गं, चल म्हणून. ती म्हणायची, आधी मी स्वतः वाचून बघते, मग ठरवते. शेवटपर्यंत वाचून व्हायच्या आत तुमचा तो सोमवार येऊन ठेपला." मी विहीणबाईंचा हात धरायला गेले तर त्यांनी कळ आल्यासारखा मागे घेतला, आणि मग स्वतःच दुसरा हात माझ्या हातात दिला.

सोमवारी सकाळी कट्ट्याचं दार लागलं. मी टेबलावर फोन मांडला आणि विहीणबाईंना समोर बसवलं. नोंदणीसाठी वाचायचा उतारा आला. त्या बोट लावून वाचू लागल्या, ओळ संपली की पहिल्या शब्दाला परत. उतारा संपल्यावर फोननं नाव विचारलं. मी टाइप करायला गेले आणि तशीच थांबले. मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेत 'सौ. व श्री. दादासाहेब चौगुले' एवढंच होतं, आणि त्यानंतर मी कधी विचारलंही नव्हतं.

"तुमचं नाव काय हो?" मी ओशाळून विचारलं.

"सासरचं सुशीला," त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "पण रत्नव्वा लिहा. माहेरचं आहे."

लिहिलं. नोंदणी आमच्याच घरखात्यात केली होती. लगेच बाहेरच्या खोलीत ह्यांचा फोन वाजला.

"अगं ए," हे तिथूनच ओरडले, "आपल्या घरात नवीन वाचक आलाय म्हणे. ही रत्नव्वा कोण?"

"मी, दादा," विहीणबाईंनी इथून उत्तर दिलं.

"असं होय! बरं बरं. चहा झाला का त्यांचा?"

विहीणबाई हसल्या. मला वाटलं, चला, एवढं तरी धड झालं. त्यांनी कुस्कऱ्याचं पान उघडलं. वरचा फोटो, खालचं सगळं बोलणं, जिथल्या तिथे होतं. पण त्या वाचत नव्हत्या. त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात होती.

तिथे सदस्यांचा आकडा होता. त्याच्या शेजारी लिहिलं होतं, पाहुणे शून्य.

"बाकीच्या कुठं गेल्या हो?" त्यांनी विचारलं.

"त्यात यंत्रंच जास्त होती," मी म्हणाले.

"सगळीच होती काय?"

मी फोन उचलून गौतमीला लावला. तिनं उचलल्यावर म्हणाले, "गौतमी, कुस्कऱ्याच्या पानावरच्या पाहुण्यांत खऱ्या बायका किती होत्या, ते बघून सांग."